कळमना परिसरातील वजनकाट्याची सिरियल जोडणी : एक प्रकरण अभ्यास

नागपूरच्या कळमना बाजाराच्या परिसरातील एका खासगी वजनकाट्यावरील संगणक मार्चच्या सुरुवातीला बंद पडला. तो काळ मिरचीच्या आवकेचा आणि मृग बहाराच्या संत्र्यांचा असल्यामुळे काटा बंद ठेवणे मालकांना परवडणारे नव्हते. त्यांनी लगेच नवा संगणक घेतला. नव्या संगणकाला नऊ पिनांचा सिरियल पोर्ट (माहिती एकामागून एक बिट अशी पाठवणारी जोडणी) नव्हता, म्हणून विक्रेत्याने यूएसबीवर चालणारा सिरियल कन्व्हर्टर आणि नऊ-पंचवीस पिनांची एक तयार केबल सोबत दिली. केबल दोन्ही टोकांना व्यवस्थित बसली, स्क्रूही घट्ट झाले, पण वजन काही संगणकावर आले नाही. या टप्प्यावर काम आमच्याकडे आले. पुढे जे निष्पन्न झाले त्यात नव्या संगणकाचा वाटा थोडा आणि जुन्या जोडणीचा वाटा मोठा होता, आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहिण्याजोगे आहे.

प्रथम मांडणी. काट्याच्या प्लॅटफॉर्मखालचे लोडसेल, म्हणजे भाराचे विद्युत संकेतात रूपांतर करणारे भाग, जंक्शन बॉक्समधून केबिनमधील वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरला जोडलेले आहेत. इंडिकेटरवर वैध मापन विभागाचे सील आहे आणि ते तोडण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे सर्व तपासणी इंडिकेटरच्या मागच्या पंचवीस पिनांच्या सॉकेटपासून पुढे करायची हे आरंभीच ठरले. केबिनपासून कार्यालयातील संगणकापर्यंत सुमारे ४० मीटर केबल जाते. इंडिकेटरच्या त्याच सॉकेटमधून आणखी एक जोड काढून बाहेर खांबावर मोठ्या आकड्यांचा डिस्प्ले बसवलेला आहे, कारण गाडीवाला आणि अडत्या दोघांनाही वजन खालून दिसावे लागते. इंडिकेटर सेकंदाला अनेक वेळा वजनाची ओळ पाठवत राहतो. त्याचा वेग २४०० बॉड, म्हणजे सेकंदाला २४०० बिट, असून प्रत्येक अक्षर सात बिट, सम पॅरिटी (एकांची एकूण संख्या सम ठेवणारा तपासणीचा जादा बिट) आणि अक्षराचा शेवट दाखवणारा एक स्टॉप बिट या रचनेत जाते. ही माहिती इंडिकेटरच्या सेटिंगच्या पानावर, सीलला हात न लावता, कळपट्टीवरूनच वाचता येते.

अशा सिरियल जोडणीचे आरएस-२३२ हे मानक अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने १९६० मध्ये प्रथम काढले आणि त्याची सर्वांत जास्त रुळलेली ‘सी’ आवृत्ती १९६९ ची आहे. ते टर्मिनल (माहिती देणारे-घेणारे यंत्र) आणि मॉडेम (ती माहिती टेलिफोनच्या तारेवर नेणारे यंत्र) या दोनच भूमिका डोळ्यांसमोर ठेवून लिहिले गेले. टर्मिनलने पंचवीस पिनांपैकी २ वर बोलायचे आणि ३ वर ऐकायचे, मॉडेमने नेमके उलट, आणि ७ ही दोघांची सामाईक भूमी, म्हणजे शून्य व्होल्टची संदर्भतार, असा त्याचा गाभा आहे. वजनाचा इंडिकेटर यांपैकी कोणीच नाही. त्यामुळे त्याने कोणती भूमिका घ्यावी हे प्रत्येक निर्मात्याने आपल्या मर्जीने ठरवले. भर म्हणून १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीपासून संगणकावर नऊ पिनांचा पोर्ट आला, आणि त्यात संगणक ३ वर बोलतो, २ वर ऐकतो आणि ५ ही भूमी असते. म्हणजे पंचवीस पिनांवरील क्रमांकांच्या अगदी उलट. बाजारात ‘दोनला तीन, तीनला दोन’ हा क्रॉस केबलचा नियम पाठ असतो. तो नऊ-नऊ किंवा पंचवीस-पंचवीस जोडणीला खरा आहे. एका बाजूला नऊ आणि दुसऱ्या बाजूला पंचवीस पिना आल्या की त्याच क्रॉससाठी दोनला दोन आणि तीनला तीन जोडावे लागते. टर्मिनलप्रमाणे वागणाऱ्या उपकरणाला दोनला तीन अशी नऊ-पंचवीस केबल लावली, तर ती मॉडेमसाठीची सरळ केबल ठरते आणि दोन बोलणारे एकाच तारेवर येतात.

विक्रेत्याने दिलेली केबल हीच होती. ते ओळखण्यासाठी कोणतेही सॉफ्टवेअर उघडावे लागले नाही. केबल दोन्ही टोकांना काढून साध्या मल्टिमीटरने इंडिकेटरच्या सॉकेटवर ७ आणि २ यांच्यामध्ये मोजले तेव्हा उणे ८ व्होल्टच्या आसपास वाचन आले आणि वजनाच्या ओळी जात असताना ते हलत होते. ७ आणि ३ यांच्यामध्ये काहीच नव्हते. आरएस-२३२ मध्ये विश्रांतीतील तार ऋण व्होल्टेजवर असते, म्हणून ज्या पिनेवर ठाम ऋण व्होल्टेज आहे तिथून उपकरण बोलते आणि जिथे जवळजवळ शून्य आहे तिथे ते ऐकते, असा निष्कर्ष खात्रीने काढता येतो. हा इंडिकेटर टर्मिनलप्रमाणे २ वर बोलत होता. मात्र हे मोजमाप केबल काढूनच करावे लागते. केबल जोडलेली असताना संगणकाची बोलण्याची तार आणि इंडिकेटरची बोलण्याची तार एकत्र आलेल्या होत्या, दोन्ही विश्रांतीत ऋण होत्या, आणि मीटर उणे ७ व्होल्ट असे निरोगी दिसणारे वाचन देत होते. ड्रायव्हर, म्हणजे तारेवर व्होल्टेज घालणारा भाग, शॉर्ट सहन करेल असा बनवलेला असावा ही मानकाची अट असल्यामुळे काही जळालेही नाही. बिघाड झाकला गेला तो असा.

केबल बदलून दोनला दोन, तीनला तीन आणि सातला पाच अशी तीन तारांची जोडणी केली. कन्व्हर्टरच्या २ क्रमांकाच्या पिनेवर आता ऋण व्होल्टेज पोहोचत होते, आणि पोर्टवर येणारी माहिती जशीच्या तशी दाखवणाऱ्या टर्मिनल प्रोग्राममध्ये अक्षरेही दिसू लागली. तरीही काट्याचा प्रोग्राम गप्पच होता. कारण जुन्या संगणकाला लावलेल्या केबलच्या नऊ पिनांच्या हूडमध्ये, म्हणजे पिनांवरच्या झाकणात, सापडले. तिथे कोणीतरी ७ आणि ८ एकमेकांना, तसेच १, ४ आणि ६ एकमेकांना, बारीक तारेने सोल्डर केलेले होते. काट्याचा प्रोग्राम जुन्या धाटणीचा आहे. समोरचे उपकरण तयार आहे हे सांगणारे डीएसआर आणि ‘पाठवायला हरकत नाही’ असे सांगणारे सीटीएस हे दोन्ही सिग्नल धन व्होल्टेजवर आल्याशिवाय तो पोर्ट वाचत नाही. इंडिकेटर मात्र केवळ तीन तारा ओळखतो. जुन्या जोडणी करणाऱ्याने संगणकाचाच डीटीआर (‘मी तयार आहे’ हा सिग्नल) त्याच्या डीएसआर आणि डीसीडीकडे (मॉडेमला वाहक संकेत मिळाल्याचा सिग्नल), आणि आरटीएस (‘पाठवू का’ हा सिग्नल) त्याच्या सीटीएसकडे वळवून प्रोग्रामचे समाधान केले होते. हे काम चांगले होते, फक्त त्याची नोंद कुठेही नव्हती. जुनी केबल भंगारात गेली असती तर ही माहितीही तिच्याबरोबर गेली असती. नव्या हूडमध्ये त्याच दोन जोडण्या केल्या आणि प्रोग्राम वाचू लागला.

एक किरकोळ अडचण इथेच आली. संगणक पुन्हा सुरू केल्यावर पडद्यावरचा बाण आपोआप इकडेतिकडे उड्या मारू लागला आणि खिडक्या उघडू-मिटू लागल्या. ऑपरेटरला व्हायरस वाटला, ते साहजिक होते. सुरू होतानाच पोर्टवर अखंड माहिती येत असेल तर विंडोज कधीकधी त्या उपकरणाला सिरियल माऊस समजते. डिव्हाइस मॅनेजरमधून तो खोटा माऊस निष्क्रिय केला की प्रश्न मिटतो. कन्व्हर्टर नेहमी त्याच यूएसबी खाचेत ठेवावा, नाही तर कॉम पोर्टचा क्रमांक बदलू शकतो, हेही तिथेच सांगून ठेवले.

यानंतर ऑपरेटरने जे सांगितले त्यातून खरा तपास सुरू झाला. “खाली काट्यावर शून्य बराबर येते जी, पण गाडी चढली की घाण येते.” प्रत्यक्ष पाहिले तेव्हा गाडीच्या वजनातील काही अंक शुद्ध आणि काहींच्या जागी विचित्र चिन्हे दिसत होती. ०, ३, ५, ६ आणि ९ हे अंक नेहमी बरोबर येत, तर १, २, ४, ७ आणि ८ नेहमी बिघडत. इतकी शिस्तबद्ध चूक विजेच्या गोंगाटातून होत नाही. अंकांचे सात बिटांचे संकेत लिहून पाहिले की कारण स्पष्ट होते. पहिल्या गटातील प्रत्येक अंकात एकांची संख्या सम आहे, म्हणून सम पॅरिटीचा बिट ० राहतो. दुसऱ्या गटात ती विषम आहे, म्हणून पॅरिटीचा बिट १ होतो. संगणकाचा पोर्ट आठ बिट आणि पॅरिटी नाही अशा सेटिंगवर होता, त्यामुळे तो पॅरिटीच्या बिटालाच आठवा बिट समजून वाचत होता आणि १ या अंकाचे वेगळेच चिन्ह होत होते. शून्याचा पॅरिटी बिट ० असल्यामुळे रिकाम्या काट्यावर सर्व काही ठीक दिसे. रिकाम्या काट्यावर शून्य दिसले म्हणजे जोडणी झाली असे मानण्याची पद्धत किती तकलादू आहे हे यावरून कळते.

प्रोग्राम पुरवणाऱ्याने फोनवर सोपा उपाय सांगितला : आठवा बिट काढून टाकण्याचा पर्याय निवडा, अंक नीट दिसतील. ते खरे होते, आणि जुन्या संगणकावर हा पर्याय निवडलेलाच होता हे जुन्या हार्ड डिस्कवरील सेटिंगच्या फाइलमध्ये आम्हांला दिसले. आम्ही तो उपाय केला नाही. पॅरिटीचा बिट हा वजनाच्या ओळीतील एकमेव पहारेकरी आहे. या इंडिकेटरच्या ओळीत सुरुवातीचे चिन्ह, धन-ऋण चिन्ह, अंक आणि शेवटचे चिन्ह एवढेच असते, बेरीज तपासणीचा आकडा नसतो. वाटेत एक बिट उलटला तर ते फक्त पॅरिटीमुळेच कळू शकते, आणि तो बिट न वाचताच फेकला तर ६,२०० किलोचे ६,२४० झालेले कोणालाही कळणार नाही, कारण ० आणि ४ यांच्या संकेतांत अवघ्या एका बिटाचा फरक आहे. हे ४० किलो म्हणजे साधारण मिरचीच्या एका पोत्याचे वजन, आणि ते कोणाच्या तरी घामाचे असते. म्हणून पोर्ट सात बिट, सम पॅरिटी असाच ठेवला आणि पॅरिटीची चूक आढळल्यास ती ओळ टाकून देऊन पडद्याच्या कोपऱ्यात तिची गणती दाखवावी, असा बदल प्रोग्राममध्ये करून घेतला.

ती गणती वाढू लागली. सकाळी ती स्थिर असे, अकरानंतर हळूहळू सरकू लागे आणि दुपारी मध्येच वेगाने पळे. केबल नवी, पिना बरोबर, सेटिंग बरोबर, तरी चुका होत होत्या, याचा अर्थ त्या जुन्या व्यवस्थेतही होत असल्या पाहिजेत आणि तिथे त्या मोजल्याच जात नव्हत्या. मालकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी एक वही काढली. बाहेरच्या डिस्प्लेवरील वजन आणि छापील पावती यांच्यात फरक आल्याच्या तक्रारी त्यांनी तिथे लिहून ठेवल्या होत्या. अशा तक्रारी अधूनमधून येत, आणि ऑपरेटरने आकडा हाताने टाकताना चूक केली असावी असा समज रूढ झाला होता. त्याला बोलणी बसत होती.

त्या नोंदींचा आम्ही अंकनिहाय ताळा घेतला. माणूस टंकताना चुकतो तेव्हा शेजारचे बटण दाबले जाते किंवा दोन अंकांची अदलाबदल होते. इथे तसे एकही उदाहरण नव्हते. प्रत्येक वेळी एकच अंक बदललेला होता आणि तो ० चा ४, २ चा ६, १ चा ५, ० चा २ असा एका बिटाच्या अंतरावरचा होता. बहुतेक वेळा अंक मोठाच झाला होता, म्हणजे ० असलेला बिट १ वाचला गेला होता. यालाही विद्युत कारण आहे. आरएस-२३२ मध्ये १ म्हणजे ऋण आणि ० म्हणजे धन व्होल्टेज. मानकानुसार उणे ३ ते अधिक ३ व्होल्ट हा अनिश्चित पट्टा असला, तरी प्रत्यक्षातील रिसीव्हर चिपांचा निर्णयबिंदू बहुधा अधिक १ ते २ व्होल्टच्या दरम्यान असतो. तो शून्याच्या वर असल्यामुळे दोन्ही बाजूंना सारखाच गोंगाट झाला तरी धन बाजूचे बिट आधी कोसळतात. ऑपरेटरचा यात काडीमात्र दोष नव्हता, आणि हे मालकांसमोर, त्याच्या उपस्थितीत, वहीवर बोट ठेवून सांगणे आम्हांला तांत्रिक कामाइतकेच आवश्यक वाटले.

गोंगाट येत कुठून होता? अनेकांनी ४० मीटरच्या लांबीकडे बोट दाखवले. जुन्या आवृत्तीत ५० फूट म्हणजे सुमारे १५ मीटरची मर्यादा सांगितली जाई. नंतरच्या आवृत्त्यांनी ती लांबीत न सांगता २५०० पिकोफॅरड धारितेत, म्हणजे तारांच्या विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेत, सांगितली. ४० मीटर केबलची धारिता या मर्यादेच्या वर जाते हे खरे, पण २४०० बॉडला एका बिटाला जवळपास ४१७ मायक्रोसेकंद मिळतात आणि तेवढ्या वेळात धारितेमुळे गोलावलेल्या कडा सहज सावरतात. शिवाय लांबी सकाळी आणि दुपारी सारखीच असते, चुका मात्र दुपारी वाढत होत्या. लांबी हे मूळ कारण नव्हते.

केबल संगणकाच्या बाजूने काढून तिच्यातील भूमीची तार आणि संगणकाची भूमी यांच्यामध्ये एसी व्होल्टेज मोजले. सकाळी ते १ व्होल्टच्याही खाली होते. शेजारच्या डाळ मिलच्या मोटारी सुरू झाल्यावर ते ६ व्होल्टच्या पुढे गेले. केबिन आणि कार्यालय यांचा वीजपुरवठा वेगवेगळ्या फेजवरून होता आणि दोन्हीकडचे अर्थिंगही वेगळे होते. केबिनकडचा अर्थिंगचा खड्डा मार्चच्या कोरड्या जमिनीत जवळजवळ निरुपयोगी झालेला होता. केबल जोडली की या दोन भूमींमधला प्रवाह सिग्नलच्या भूमीच्या बारीक तारेतून वाहू लागे आणि तिच्या दोन टोकांत ३ व्होल्टहून थोडे जास्त अंतर उरे, म्हणजे शिखरावर साडेचार ते पाच व्होल्ट. इंडिकेटरचा ड्रायव्हर एकाच वेळी संगणक आणि बाहेरचा डिस्प्ले अशा दोन रिसीव्हरांना पोसत असल्यामुळे त्याचे ८ व्होल्ट साडेपाचवर उतरलेले होते. साडेपाचमधून पावणेपाच वजा झाले की उरते पाऊण व्होल्ट, आणि तिथे रिसीव्हर ० ला १ वाचतो. ५० हर्ट्झच्या लाटेचे फक्त टोकच ही सीमा ओलांडत असल्यामुळे बहुधा एकच बिट उलटे. मोठी मोटार सुरू होताना झटका मोठा येई, तेव्हा अख्खी अक्षरे मोडत आणि अशी ओळ जुना प्रोग्रामही नाकारत असे. निसटून पावतीवर पोहोचत होत्या त्या नेमक्या लहान, एका बिटाच्या चुका.

उपाय निवडताना भूमीची तार काढून टाकावी असे एका विजेच्या कारागिराने सुचवले. ते चूक आहे, कारण आरएस-२३२ चा प्रत्येक सिग्नल त्या तारेच्या तुलनेतच मोजला जातो. अर्थिंगचा खड्डा मीठ, कोळसा आणि पाणी घालून सुधारून घेतला, तो सुरक्षेसाठी हवाच होता, पण केवळ त्यावर वजनाची शुद्धता अवलंबून ठेवणे बरोबर नव्हते. अखेर केबिनमध्येच आरएस-२३२ चे आरएस-४८५ मध्ये रूपांतर करणारा, दोन्ही बाजू प्रकाशमार्गाने विलग ठेवणारा कन्व्हर्टर बसवला. आरएस-४८५ मध्ये सिग्नल दोन तारांमधील फरकात असतो, उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतचे सामाईक व्होल्टेज तो सोसतो आणि कमी वेगाला सुमारे १२०० मीटर जातो. पोर्टमधूनच वीज घेणारा स्वस्त प्रकार इथे चालला नसता, कारण तो डीटीआर आणि आरटीएसवरून वीज घेतो आणि इंडिकेटरला त्या तारा नाहीतच. म्हणून कन्व्हर्टरला वेगळा अडॅप्टर दिला. तारांची एक पिळलेली जोडी, तिसरी संदर्भतार आणि आवरण अशी नवी केबल मोटारीच्या केबलपासून दूर, स्वतंत्र पाइपातून नेली. आवरण फक्त संगणकाच्या टोकाला भूमीशी जोडले. ‘ए’ आणि ‘बी’ ही तारांची नावे निरनिराळे निर्माते उलटसुलट वापरतात. पहिल्या जोडणीत केवळ कचरा आला, तारा बदलल्यावर वजन शुद्ध आले. बोलणारा एकच असल्यामुळे दिशा बदलण्याचा प्रश्न नव्हता, आणि एवढ्या कमी वेगाला ४० मीटरसाठी तारेच्या टोकाला १२० ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे सिग्नल परतू न देणारा रोध, लावण्याची गरजही भासली नाही.

प्रोग्राममध्ये आणखी एक बदल करून घेतला. पूर्वी बटण दाबताच हाती आलेली एकच ओळ पावतीवर जाई. आता लागोपाठच्या तीन ओळींतील वजन सारखे असेल तरच ते गोठवले जाते. डाळ मिल पूर्ण क्षमतेने चालू असताना पॅरिटीच्या चुकांची गणती शून्यावर राहिली. पडताळणीसाठी रिकामी गाडी पुरेशी मानली नाही. वेगवेगळ्या भरलेल्या गाड्या चढवून ० ते ९ हे सर्व अंक किमान एकदा तरी पावतीवर येतील अशी वजने घेतली, आणि प्रत्येक पावती इंडिकेटर व डिस्प्ले या दोन्हींशी ताडून मालक, ऑपरेटर आणि हजर असलेल्या अडत्यांच्या समोर जुळवली.

दोन्ही टोकांच्या पिनांचा आराखडा, हूडमधील जोडण्या, वेग आणि बिटांची रचना हे सर्व एका कागदावर मराठीत लिहून, तो लॅमिनेट करून, केबिनमध्ये इंडिकेटरच्या मागे आणि कार्यालयात संगणकाच्या टेबलाखाली चिकटवला आहे. खांबावरचा डिस्प्ले अजून जुन्याच तारेवर आहे. त्याची वीज केबिनमधूनच जात असल्यामुळे भूमीचा प्रश्न त्याला नाही, पण तो उघड्यावर उंच असल्यामुळे मे-जूनमधील वादळी पावसात विजेचा झटका त्याच तारेने इंडिकेटरपर्यंत येऊ शकतो. मृगाच्या आधी त्यालाही विलग करणारा स्वतंत्र कन्व्हर्टर आणि झटका शोषणारा संरक्षक बसवण्याचे मालकांनी मान्य केले आहे.